शून्य कॉलचा फोन

फोन लावणाऱ्याला पैसे पडतात, घेणाऱ्याला पडत नाहीत. ही गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण एवढ्याशा गोष्टीवरून एखाद्या गावाचा फोन राहणार की जाणार हे ठरतं, हे मला सरकारी टेलिफोनच्या नोकरीत पंधरा-सोळा वर्षं काढल्यावर कळलं. तेही नीट कळायला आणखी दीड-दोन वर्षं गेली, आणि त्या काळाबद्दल मी आजवर घरातही फारसं बोललेलो नाही.

मी मूळचा जळगावचा, मेहरूणचा. नोकरी मात्र बरीचशी धुळ्यात झाली आणि निवृत्तीनंतर देवपुरातच राहिलो. ओळखीपाळखीचे लोक अजूनही समजतात, की मी खांबावर चढून तारा जोडायचो. तसं नव्हतं. माझ्याकडे ग्रामीण विभाग होता. गावोगावचे सार्वजनिक फोन, त्यांची देखभाल आणि त्यांचं अनुदान. खांबावर चढायचा तो भिलाभाऊ, आमचा लाइनमन. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

आधी अनुदानाचं सांगतो, कारण ते बाहेरच्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही. खेड्यात फोन द्यायचा म्हणजे मैलोन्‌मैल तार ओढायची, खांब रोवायचे, आणि महिन्याला जेमतेम चहापाण्याइतकं उत्पन्न मिळायचं. धंदा म्हणून हे कोणीच करणार नाही. म्हणून सरकारने एक निधी काढला. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातला थोडा हिस्सा त्या निधीत जायचा, म्हणजे फिरून तो तुमच्या-आमच्या बिलातूनच जायचा. त्या निधीतून खेड्यातल्या प्रत्येक चालू फोनमागे ठरावीक रक्कम आमच्या कार्यालयाला मिळायची. व्यवस्था चांगली होती. मी आजही तिला चांगलीच म्हणेन.

अडचण होती ती ‘चालू’ या शब्दाची. फोन चालू आहे हे दिल्लीत बसलेल्या माणसाला कसं कळावं? त्यांनी सोपा उपाय काढला. मीटर बघायचा. सहा महिन्यांत त्या फोनवरून एक जरी कॉल बाहेर गेला असेल तर फोन चालू. एकही गेला नसेल तर तो ‘शून्य कॉल’च्या यादीत. त्याचं अनुदान बंद, आणि अनुदान बंद झालं की फोनही बंद, कारण तोट्यातली तार कोण सांभाळणार?

सहामाही संपली की चालू आणि शून्य कॉल अशा दोन्ही याद्या माझ्या टेबलावर यायच्या. मी पाहणी करायची, खाली प्रमाणपत्र असायचं त्यावर सही करायची, आणि पुढे पाठवायचं.

त्या वर्षी यादीत एकवीस गावं होती. आमचे देसले साहेब म्हणाले, “एकदा फिरून या. उगाच नंतर लोकसभेत प्रश्न यायला नको.” मी आणि भिलाभाऊ जीप घेऊन निघालो. साक्री तालुक्याच्या डोंगराकडच्या बाजूला एक गाव होतं. त्याला मी इथे पिंपळपाडं म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. तिथला सार्वजनिक फोन इंदूअक्कांच्या पिठाच्या गिरणीत होता.

इंदूअक्का पन्नाशीच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. नवऱ्यामागे गिरणी त्यांनीच चालवली. आम्ही गेलो तेव्हा केसांवर, भुवयांवर पीठ, आणि मोटारीच्या आवाजात मोठमोठ्याने बोलणं चाललेलं.

“या साहेब, बठा. फोन चालू शे.”

मी म्हटलं, “अक्का, सहा महिन्यांत एकही कॉल झालेला नाही. चालू कसा म्हणता?”

त्या काही बोलायच्या आत फोन वाजला. त्यांनी खटका ओढून मोटार बंद केली, हात पदराला पुसले आणि रिसीव्हर उचलला. “हॅलो! कोन? सुऱ्या का? थांब, तुनी मायले बलावस. दहा मिनिटमा परत कर.” रिसीव्हर ठेवेपर्यंत एक म्हातारी गिरणीच्या दाराशी येऊन उभी राहिलीसुद्धा. भर दळणात गिरणी थांबली, की गल्लीतले लोक समजायचे, कोणाचा तरी फोन आला. ज्यांची माणसं बाहेर होती ते सगळे हातातलं काम टाकून यायचे. मग ज्याचा असेल तो थांबायचा, बाकीचे परत जायचे.

मी तिथे दोन तास बसलो. त्यात सात फोन आले. सगळे सुरतेहून. गावातली निम्मी तरणी माणसं तिकडे कापडाच्या गिरण्यांत, रंगखात्यांत कामाला होती. तिकडे नाक्यानाक्यावर फोन, तेव्हा लावायचे ते. इकडून कोणी लावायचं कारणच नव्हतं. कोठे लावणार? ज्या खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने झोपतात, तिला नंबर नसतो.

अक्कांनी एक वही दाखवली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं मोठं, गोल अक्षर. ज्याच्यासाठी फोन आला ते माणूस रानात असेल तर निरोप लिहून ठेवायचा. ‘सुऱ्या. मायले सांगनं, ताप उतरना.’ ‘हिलाल. लताले सांगनं, पोरले शायमा धाडजो.’ कोणाचा ताप उतरला, कोणाच्या पोराला शाळेत धाडायचं, अशी पानंच्या पानं. सहा महिन्यांच्या वहीत एकही दिवस कोरा नव्हता. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा सार्वजनिक फोन बहुधा तोच असावा, आणि आमच्या कागदावर तो मेलेला होता.

त्याच फेरीत दुसरं एक गाव लागलं. तिथला फोन टेलिफोन सल्लागार समितीच्या एका सदस्याच्या भावाकडे होता. ही समिती म्हणजे खासदारांनी नेमलेल्या मंडळींची. वर्षातून दोनदा बैठक, काजू-बिस्किटं, आणि प्रत्येक सदस्याला घरी फुकट फोन. भावाच्या घरातला सार्वजनिक फोन काचेच्या कपाटात, कपबश्यांच्या शेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला होता. गावातल्या कोणी त्याला हात लावला असेल असं दिसेना. पण मीटरवर सहा महिन्यांत बरोबर सहा कॉल होते. महिन्याला एक.

जीपमध्ये बसल्यावर मी भिलाभाऊकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहायला लागला.

“भिलाभाऊ, हे कॉल कोणी केले?”

“मीच करस साहेब. महिनामा एक फेरी मारस. जठे जमस तठे एकेक कॉल. आपलाच हाफिसले लावस नि ठी देस. मोठा साहेबले माहीत शे.”

“मग पिंपळपाड्याला का नाही केला?”

“तठे फोन कायम येतस. मले वाटनं, तठे गरज नही.”

मला राग आला. तरुण नव्हतो, पण नियमाचा माणूस होतो, आणि त्याचा थोडा ताठाही होता. मी त्याला बजावलं, की यापुढे असा एकही कॉल करायचा नाही. तो म्हणाला, “साहेब, यानामा काय वाईट शे? एक कॉल करना, फोन जित्ता ऱ्हास.” मी म्हटलं, ही सरकारची फसवणूक आहे. त्यानंतर बरेच महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मी अहवाल लिहिला. येणारे कॉलही मोजले जावेत, एक्स्चेंजमध्ये ते मोजता येतात, असं सविस्तर लिहिलं. अक्कांच्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. कपाटातल्या फोनबद्दलही लिहिलं. देसले साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “तुमचं सगळं खरं आहे. पण तो कपाटातला फोन काढला तर पुढच्या बैठकीत माझी सालं काढतील. आणि वहीला काही किंमत नाही, ती मान्य कागदपत्रांत बसत नाही. या खेपेला ते गाव यादीतून वगळू, पण त्या बाईंना सांगा, महिन्यातून एक फोन कोणालाही लावा. विषय संपला.”

वरून उत्तर आलं ते एका ओळीचं. सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

मी परत पिंपळपाड्याला गेलो आणि अक्कांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जरा हसल्या.

“मी कोनले लावू साहेब? मना बाहेर कोनीच नही. जे शे ते बठ्ठं आठेच शे.”

याचा विचार मी केला नव्हता. साऱ्या गावाचे निरोप पोचवणाऱ्या त्या बाईला स्वतः फोन करावा असं जगात एकही माणूस नव्हतं. गावातल्या दुसऱ्या कोणाला सांगता आलं असतं, पण ज्याला त्याला वाटायचं की आपल्याला कशाला भुर्दंड. भिलाभाऊला सांगायला मला तोंड उरलं नव्हतं. शेवटी मी माझ्या टेबलाचा नंबर त्यांना वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. “महिन्याच्या पहिल्या सोमवारी मला लावा. फोन कसा चालतो ते सांगा. हा खरा कॉल होईल.”

त्या लावायला लागल्या. पहिल्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास फोन यायचा. “साहेब, पिंपळपाडाथून इंदूअक्का. फोन चालू शे.” एवढंच बोलून ठेवायच्या. पुढे पुढे थोडं जास्त बोलायला लागल्या. पाऊस कसा आहे, कोणाच्या पोरीचं लग्न जमलं, गिरणीचा पट्टा तुटला. एकदा विचारलं, “साहेब, तुमना घरमा बठ्ठा बरा शेतस ना?” मी म्हटलं, हो. खात्यातल्या कुठल्याच फोनने मला इतकं बरं वाटलं नसेल. एक सहामाही पिंपळपाडं यादीत नव्हतं.

मग ती सहामाही संपता संपता धुळ्याचे नंबर बदलले. एक्स्चेंज मोठं झालं, आणि शहरातल्या प्रत्येक नंबराच्या आधी एक आकडा वाढला. आम्ही वर्तमानपत्रात जाहिरात दिली, चौकात फलक लावले, जुना नंबर लावला तर काही आठवडे सूचना ऐकू येईल अशीही सोय केली. काही आठवड्यांनी, पुढचा पहिला सोमवार यायच्या आतच, ती सूचना काढली आणि नेहमीची लावली, हिंदीतली, हा नंबर अस्तित्वात नाही म्हणणारी. त्या वेळी माझ्या डोक्यावर कामाचा डोंगर होता. नव्या नंबरांच्या तक्रारी, चुकलेली बिलं, त्यात मुलीचं लग्न ठरलेलं. पहिला सोमवार आला आणि गेला. दुसरा महिना गेला, तिसरा गेला, अशी सहामाही सरली. माझ्या टेबलावरचा फोन दिवसभर वाजत असायचा. त्यातला एक वाजायचा थांबलाय, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

सहामाहीची यादी आली तेव्हा लग्न चार दिवसांवर होतं. कारकुनाने गठ्ठा समोर ठेवला. मी सह्या करत गेलो. वाचल्या नाहीत.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी इंदूअक्का आमच्या कार्यालयात आल्या. मला आधी ओळखूच आल्या नाहीत, कारण अंगावर पीठ नव्हतं. हातात वही होती. त्या कोणाला तरी नवीन साहेब कुठे बसतात ते विचारत होत्या. मी उठून पुढे गेलो. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

“तुम्ही आठेच शेतस?”

“हो. का?”

“फोनमा ती बाई सांगे, हाऊ नंबरच नही. मले वाटनं, तुमनी बदली हुई गयी.”

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं. फोन बंद करून तार गुंडाळून नेली होती. त्याला महिना झाला नाही तोच सुरतेत हिलाल आजारी पडला. कावीळ झाली होती. रंगखात्यात कामाला असलेला पस्तिशीचा माणूस. बरोबरीच्यांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं आणि गावाकडे फोन लावायला सुरुवात केली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. फोन लागेना. चौथ्या दिवशी त्यांच्यातला एक जण खाडा करून एसटीने निघाला. तो गावात पोचला आणि लताबाई, हिलालची बायको, त्याच्याबरोबर उलट्या पावली निघाली. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिकडे कोणी किती थांबणार? तिला त्याचं तोंड पाहायला मिळालं नाही.

“शेवटला दोन दिवस त्यानी तिनं नाव घेतलं म्हने,” अक्का म्हणाल्या. “साहेब, आमना फोन कोनी काढा?”

मी फाइल मागवली. खरं तर मागवायची गरज नव्हती. यादी निघाली, नववा क्रमांक पिंपळपाडं, आणि खाली प्रत्यक्ष पाहणी केल्याचं प्रमाणपत्र, त्यावर माझी सही. मी ती त्यांच्याकडे वळवली. “अक्का, मी काढला. नंबर बदलला ते तुम्हाला कळवलं नाही, आणि हे न वाचता सही केली.”

त्यांनी सहीवर नजर फिरवली. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वही मांडीवर सरळ केली आणि म्हणाल्या, “हाई मले कसाले सांगतस? लताले सांगा.”

दुसऱ्या दिवशी मी पिंपळपाड्याला गेलो. भिलाभाऊला काही सांगितलं नव्हतं, पण तो आपणहून जीपमध्ये येऊन बसला. वाटेत मी विचारलं, “तार काढायला तूच आला होतास?” तो म्हणाला, “हो. तुमनी सही व्हती. मले वाटनं, तुम्ही इचार करीसनच करी व्हई.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

लताबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. अक्काही आल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नंबर कसा बदलला, मी काय विसरलो, सही कुठे केली. त्यांना त्यातलं किती समजलं कोण जाणे. त्या शेंगा फोडत राहिल्या. मग त्यांनी सूप बाजूला सारलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“मना मोठा पोऱ्या गया शे सुरतले. त्यानाच जागावर. फोन कधी चालू व्हई?”

मी म्हटलं, “बघतो.” म्हटल्यावर मलाच त्या शब्दाची लाज वाटली. खात्यात तो आम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरायचो.

कार्यालयात येऊन मी फोन पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव लिहायला घेतला. एकदा शून्य कॉलमध्ये गेलेलं गाव परत अनुदानात घ्यायचं तर कागद मुंबईला, तिथून दिल्लीला, आणि त्याला वर्षही लागू शकलं असतं. मी हे देसले साहेबांना सांगत होतो, भिलाभाऊ दाराशी उभा होता. तो मधेच म्हणाला, “साहेब, तार गोडाऊनमा पडेल शे. उद्या वढी टाकस. कागद मागून येवोत.” देसले साहेब मान वर न करता म्हणाले, “मी काही ऐकलं नाही.” मग थोडं थांबून मला म्हणाले, “ती यादी आणि बंद केल्याचा दाखला अजून वर गेलेत का?”

गेले नव्हते. आमच्या कार्यालयाच्या दिरंगाईला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या दिवशी तिचे पाय धरावेसे वाटले. कागदावर पिंपळपाड्याचा फोन बंद झालाच नाही, नादुरुस्त होता, दुरुस्त झाला. दोन दिवसांत तार गिरणीत पोचली. सुरतेच्या पोरांना निरोप धाडायला कोणाला जावं लागलं नाही. पहिल्याच एसटीच्या कंडक्टरला अक्कांनी चिठ्ठी दिली.

पुढची सहामाही आली. मी याद्या एक-एक ओळ वाचत होतो. चालू फोनांच्या यादीत पिंपळपाड्यापुढे मीटरचा आकडा होता, तीन. तारखा पाहिल्या, तार परत ओढल्यापासून प्रत्येक महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला एक. ती भिलाभाऊच्या फेरीची तारीख. मी अक्कांना नवा नंबर दिला होता, पण त्यांनी तो कधी लावला नाही. का नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

भिलाभाऊला बोलावलं. तो आला, यादीकडे पाहिलं आणि काय होणार याची वाट पाहत उभा राहिला. प्रमाणपत्रात छापलेलं असतं, की वरील कॉल ग्रामस्थांनी केलेले असून मी स्वतः खात्री करून घेतली आहे. त्याखाली एक ओळ रिकामी असते.

मी पेन काढलं. म्हटलं, “भिलाभाऊ, कधी तू आजारी पडलास, रजेवर गेलास, तर मला सांग. त्या महिन्याला मी जात जाईन.”

तो म्हणाला, “बरं.” आणि मी सही केली.

गावात मोबाइलचा टॉवर लागेपर्यंत तो फोन चालू होता. तोवर मी पिंपळपाड्याला चार वेळा गेलो. कॉल लावायचा, पलीकडून कोणीतरी ‘हॅलो’ म्हणायचं, आणि ठेवून द्यायचा. चारही वेळा मी लताबाईंच्या घरावरून गेलो. एकदा त्यांनी चहाला बोलावलं. मी आत जाऊन बसलो, चहा घेतला.